वावर आहे, सोनं आहे, तरी परदेशी पदवीची फी कशी भरायची?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली मुलं-मुली आता जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, कॅनडाची चौकशी करू लागली आहेत. कुणी जळगावच्या शासकीय महाविद्यालयातून इंजिनिअर झालेलं, कुणी शिरपूरला फार्मसी केलेलं, कुणी विद्यापीठातून एमएस्सी झालेलं. मार्क चांगले असतात, इंग्रजी थोड्या मेहनतीने जमतं. गाडी अडते ती पैशापाशी, आणि बहुतेक वेळा पैसा नसतो म्हणून अडत नाही. आपल्याकडचा पैसा वावरात असतो, कपाटातल्या सोन्यात असतो, पतसंस्थेच्या ठेवीत असतो, जिनिंगवाल्याकडच्या किंवा केळीच्या व्यापाऱ्याकडच्या येण्यात असतो. बँक आणि व्हिसा अधिकारी यातलं जवळजवळ काहीच आहे त्या रूपात धरत नाहीत. त्याला त्यांच्या कागदांत आणायला वेळ लागतो. म्हणून तयारी वर्ग सुरू व्हायच्या निदान दीड वर्ष आधी सुरू करा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

पहिली पायरी: तीन आकडे वेगवेगळे मांडा

एका वहीत तीन रकाने करा. पहिला फीचा, दुसरा राहण्या-खाण्याचा, तिसरा ‘दाखवायच्या’ पैशाचा, म्हणजे व्हिसासाठी हाताशी आहे असा पुरावा द्यावा लागतो त्या पैशाचा. घरी हे तिन्ही एकात मिसळतात आणि मग कुणी म्हणतं वीस लाख लागतात, कुणी म्हणतं पन्नास.

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. दर सत्राला काहीशे युरोंच्या आतलं सत्र-शुल्क असतं. पण बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. तेव्हा ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य विद्यापीठाचं नाव पाहिल्याशिवाय खरं धरू नका. आणि फी नसली तरी ब्लॉक्ड अकाउंट आहेच. त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुमचेच तुम्हाला परत मिळतात. युरो १०० रुपये धरला तर ही रक्कम ११ लाख ९० हजार ४०० रुपये. ती एकरकमी लागते, आणि फी नाही म्हणून बँकेला कर्जात फक्त खर्चाचा भाग दाखवावा लागतो. हे आधी माहीत नसलं की घरची धांदल उडते.

अमेरिकेत याच्या उलट. तिथे फी मोठी, आणि पहिल्या वर्षाची फी व खर्च मिळून जेवढे होतात तेवढ्या पैशाचा पुरावा दिल्याशिवाय विद्यापीठ आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) देत नाही. कॅनडात फी आणि प्रवासखर्च सोडून एका माणसाचे राहण्याचे २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२५ पासूनचा हा आकडा आहे, क्वीबेक प्रांताचे नियम वेगळे. असे आकडे दरवर्षी वाढतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा.

सुट्या खर्चाचा चौथा रकानाही लागतो. इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठांचे अर्ज, आपल्या विद्यापीठातून काढायच्या ट्रान्सक्रिप्ट, जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्राचे (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या पडताळणीचे) १८,००० रुपये, अमेरिकेसाठी सेव्हिस या विद्यार्थी नोंदणीचे ३५० डॉलर, व्हिसा फी, मुंबईच्या फेऱ्या, विमा, तिकीट, तिकडच्या खोलीचं डिपॉझिट. एकेक रक्कम लहान वाटते, पण यातलं बरंचसं कर्ज मंजूर होण्याच्या आधीच खिशातून जातं. एवढे पैसे बाजूला काढूनच सुरुवात करा.

आणि विनिमय दर. बऱ्हाणपूरचा केळीचा भाव रोज बघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: ठरवलं तेव्हाचा भाव आणि काढणीच्या दिवशीचा भाव वेगळा. युरो १०० चा १०५ झाला, तर वरच्या ११,९०४ युरोंना ५९ हजार रुपये जास्त लागतात. दोन वर्षांच्या हिशोबात दहा टक्के जादा धरा.

दुसरी पायरी: कर्जाआधी शिष्यवृत्ती

आपल्याकडे हे उलटं होतं. आधी कर्जासाठी धावाधाव, मग कुणीतरी सांगतं की सरकारची योजना होती आणि तारीख निघून गेली. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या खरोखर मोठ्या आहेत. निवड झाली तर फी, राहण्याचा भत्ता आणि विमानभाडं मिळतं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. अर्ज पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे जातो. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती आहे. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत, चौकशी तिथूनच सुरू करा, आयुक्तालय नाशिकला. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी बहुजन कल्याण विभागाची योजना आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. आणि सयाजीराव जन्मले आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्यात. खुल्या प्रवर्गासाठीही राज्याची योजना आहे.

केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती वेगळी. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहेत. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, वय ३५ च्या आत, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के. मजुरी करणाऱ्या आई-बापाच्या मुलांसाठी केंद्राने जागा ठेवली आहे, हे शहादा-नवापूर भागातल्या शाळा-कॉलेजांच्या फळ्यावर लिहिलेलं असायला हवं.

या सगळ्यांत दोन गोष्टी समान आहेत. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. राज्याच्या अलीकडच्या जाहिरातींत क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० ची अट आहे. म्हणजे विद्यापीठं निवडतानाच यादी समोर ठेवा. प्रवेश घेतल्यावर यादी बघून उपयोग नाही. दुसरी गोष्ट कागदांची. जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. वैधतेला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, ते प्रकरण आजच दाखल करा.

निवड यादी कधी कधी वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर लागते, आणि विद्यापीठ तोवर थांबत नाही. त्यामुळे शिष्यवृत्तीचा अर्ज आणि कर्जाची तयारी दोन्ही सोबत चालू ठेवा. कर्ज मंजूर करून ठेवलं म्हणजे उचलावंच लागतं असं नाही.

सरकारबाहेरच्यांमध्ये जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी मदत देतो. युरोपच्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमांत निवड झालेल्यांना महिना १,४०० युरो मिळतात, आणि त्यासाठी जातीची किंवा उत्पन्नाची अट नाही. इंग्लंडच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नोकरीला लागलेल्यांनी ती जरूर बघावी.

आणि एक गैरसमज दूर करतो. पीएम-विद्यालक्ष्मी ही २०२४ ची योजना फक्त भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशी पदवीसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

तिसरी पायरी: तारण शोधा, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मागच्या उन्हाळ्यात चोपडा तालुक्यातल्या एका कुटुंबासोबत मी बँकेत बसलो होतो. मुलीला इंग्लंडमध्ये प्रवेश मिळाला होता. वडिलांनी रेक्झिनच्या पिशवीतून सातबारा काढला. बारा एकर, दोन बोअर, केळी उभी. “वावर शे ना भाऊ,” ते म्हणाले, आणि उतारा टेबलावर सरळ केला. अधिकाऱ्याने तो वाचला, परत घडी घालून त्यांच्याकडे दिला आणि विचारलं, “काका, घराचे कागद आहेत का?” वडिलांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं बँक आपल्या जमिनीला कमी लेखतेय.

तसं काही नसतं. कारण कायद्यात आहे. कर्ज थकलं तर न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. हे शेतकऱ्याच्या संरक्षणासाठीच आहे, आणि चांगलं आहे. पण याचा परिणाम असा की शैक्षणिक कर्जासाठी बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. पीककर्जाला चालणारा सातबारा इथे चालत नाही.

त्या पिशवीत तळाशी जळगावातल्या एका प्लॉटचं खरेदीखत होतं, आईच्या नावावर, दीडशे चौरस मीटरचं, बिनशेती आदेशासह. घरात कुणी त्याला मालमत्ता मानतच नव्हतं. कर्ज त्यावर झालं.

तुमच्या घरी असं काय आहे ते शोधा. बँकेला चालतं ते हे: शहरातलं किंवा नगरपालिका हद्दीतलं घर वा फ्लॅट, बिनशेती प्लॉट, दुकानाचा गाळा, बँकेतली मुदत ठेव, सरेंडर व्हॅल्यू असलेली एलआयसी पॉलिसी. मामा-काकांची मालमत्ताही चालते, पण ते स्वतः जामीनदार म्हणून सहीला यायला तयार हवेत. त्यांच्याशी हे स्पष्ट आणि वेळेत बोला. सहीच्या आदल्या दिवशी काकूंना कळलं की प्रकरण तिथेच थांबतं.

गावठाणातलं घर हा अवघड भाग. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोन मोजणी होऊन गावोगाव मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. तुमच्या गावाची झाली असेल तर ती काढून घ्या. तरीही सगळ्या शाखा गावातलं घर घेत नाहीत. दोन-तीन बँकांत विचारा. नियमित न झालेला गुंठेवारीचा प्लॉट मात्र जवळपास कुठेच चालणार नाही.

मग कागद तपासा. मालमत्ता आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारस नोंद लागेल. आत्या किंवा बहिणींची नावं असतील तर त्यांची संमती किंवा हक्कसोड लागेल. खरेदीखत, इंडेक्स-२, मंजूर नकाशा, चालू घरपट्टीची पावती, मागच्या खरेदीखतांची साखळी, हे सगळं बँकेचा वकील तपासतो आणि मूल्यांकन करणारा येऊन घर बघतो. एखादा दुवा निघाला नाही की महिना-दोन महिने जातात. नकाशा मंजूर नसलेला वरचा मजला मूल्यात धरला जात नाही, हेही लक्षात ठेवा. हे सारं प्रवेशपत्र हातात यायच्या आधी करता येतं. कागद गोळा करायला प्रवेशपत्र लागत नाही.

चौथी पायरी: शेतीचं उत्पन्न कागदावर आणा

सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील लागतात, आणि बँक त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा मागते. नोकरदाराचं सोपं: पगारपत्रक आणि फॉर्म १६. शेतकऱ्याचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न भरलेलंच नसतं, आणि कागदावर तो माणूस कमावतच नाही असं दिसतं.

उपाय आहे, पण त्याला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून मूल बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला असतानाच सुरू करा. रिटर्न भरा आणि त्यात शेतीचं उत्पन्न खरं खरं दाखवा. कर लागत नसला तरी. केळीच्या, कापसाच्या हिशोबपट्ट्या जपून ठेवा आणि व्यापाऱ्याला पैसे बँक खात्यातच द्यायला सांगा. पट्टी आणि खात्यातली जमा जुळली की ते उत्पन्न उभं राहतं. रोखीत आलेला आणि रोखीतच खर्च झालेला पैसा कितीही असला तरी बँकेच्या दृष्टीने तो नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीला लागतो, बँकेला त्याने थोडीच मदत होते. एक सांभाळा: शिष्यवृत्तीसाठी दाखवलेलं उत्पन्न आणि कर्जासाठी दाखवलेलं उत्पन्न एकच असलं पाहिजे.

जुन्या पीककर्जाची थकबाकी, कुणाला जामीन राहिलेलं थकलेलं कर्ज, हे सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या नोंदींच्या अहवालात, दिसतं. वडिलांचा आणि आईचा, दोघांचा अहवाल आधी काढून बघा. कर्जमाफीत खातं बंद झालं असेल तर त्याची नोंद अहवालात कशी पडली आहे तेही पाहा, आणि गरज असेल तर बँकेकडून ना-देणे दाखला घ्या.

पाचवी पायरी: कर्ज कुठलं घ्यायचं

सरकारी बँका साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला साधारणपणे तारण मागतात आणि परदेशी शिक्षणासाठी खर्चाच्या १५ टक्के रक्कम तुम्ही घाला असं म्हणतात. व्याज कमी, कागद जास्त, वेळ जास्त. खासगी वित्तसंस्था तारणाशिवायही देतात, पटकन देतात, पण व्याज जास्त घेतात, प्रक्रिया शुल्क परत मिळत नाही, आणि शिकत असतानाच व्याजाचा काही भाग दरमहा मागतात. तारण असेल तर माझा सल्ला सरकारी बँकेचाच. वेळ तुम्ही तिसऱ्या पायरीत आधीच काढला आहे. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या अर्जांच्या पोर्टलवरून एका अर्जात तीन बँकांकडे जाता येतं. तालुक्याच्या शाखेने परदेशी कर्जाची प्रकरणं फारशी केलेली नसतात. जळगाव, धुळे किंवा नाशिकच्या मोठ्या शाखेत विचारा.

आता व्याज नीट समजून घ्या, कारण इथे घरं फसतात. अभ्यासक्रम आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. ३० लाख रुपये १० टक्क्यांनी घेतले तर महिन्याचं व्याज २५,००० रुपये. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि तीन वर्षं काहीच भरलं नाही, तर साध्या व्याजानेही ९ लाख वाढतात. मग ३९ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता बसतो सुमारे ५१,५०० रुपये. तेच व्याज दरमहा भरत गेलात तर हप्ता सुमारे ३९,६०० वर राहतो. प्रत्यक्षात कर्ज सत्रागणिक उचललं जातं, त्यामुळे सुरुवातीचं व्याज यापेक्षा कमी असेल. जमेल तेवढं व्याज शिकताना भरत राहा. बऱ्याच सरकारी बँका त्याबद्दल व्याजात एक टक्का सवलतही देतात.

बँकेत हे प्रश्न विचारा आणि उत्तर मंजुरीपत्रात लिहून घ्या. व्याजदर स्थिर की बदलता? न भरलेल्या व्याजावर व्याज लागतं का? तिकीट, लॅपटॉप, ब्लॉक्ड अकाउंट कर्जात बसतं का? मुलीला सवलत आहे का? विमा सक्तीचा आहे का आणि त्याचा हप्ता कर्जात मिसळला जातो का?

इतर मागास प्रवर्गातल्यांनी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जावं. तिथे शैक्षणिक कर्जाच्या व्याज परताव्याची योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी २० लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज परत मिळतं. यासाठी कर्ज बँकेचं लागतं आणि हप्ते वेळेवर भरलेले लागतात.

परतफेड करताना आयकरात (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई) भरलेलं पूर्ण व्याज आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होतं, पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी. काकांनी पुतण्यासाठी भरलं तर त्यांना ही वजावट मिळत नाही. पतसंस्थेच्या किंवा सावकाराच्या कर्जालाही नाही.

सहावी पायरी: दाखवायचा पैसा, आणि पिकाचं वेळापत्रक

इंग्लंडचा नियम कडक आहे. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. एक दिवस जरी कमी झाली तरी अर्ज फेटाळला जातो. आणि ते खातं विद्यार्थ्याचं किंवा आई-वडिलांचं हवं. एकत्र कुटुंबात पैसा मोठ्या काकांच्या खात्यात असतो, तो इथे चालत नाही. आई-वडिलांच्या खात्यासोबत जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. मान्य शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावे असेल तर मंजुरीपत्र चालतं आणि २८ दिवसांची अट लागत नाही. अमेरिकेत काकांनी प्रतिज्ञापत्र दिलं तर त्यांचा पैसा धरतात, पण लगेच काढता येण्याजोगा. जमिनीच्या मूल्यांकनाचा दाखला तिथे जोडपत्र म्हणून ठीक, रोख म्हणून नाही.

पतसंस्थेतली ठेव व्हिसासाठी मोजू नका. मुदत संपायची वाट बघून ती राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या बँकेत वळवा. ठेवी अडकण्याचा अनुभव आपल्या जिल्ह्यांनी घेतलेला आहे, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षात तरी ही जोखीम नको.

वेळापत्रक असं जुळवा. सप्टेंबरच्या प्रवेशाचं डिपॉझिट आणि दाखवायचा पैसा एप्रिल ते जुलैमध्ये लागतो. कापसाचा पैसा येतो दिवाळी ते संक्रांत, आणि मे-जूनमध्ये तर बियाणं-खतासाठी घरातूनच पैसा बाहेर जातो. केळीवाल्यांची काढणी उन्हाळ्यात असते, पण वादळही त्याच दिवसांत येतं. म्हणून कापसाचा पैसा आला की त्यातला फीचा भाग जानेवारीतच मुदत ठेवीत टाका, विद्यार्थ्याच्या किंवा आईच्या नावे. सोनं मोडायचं किंवा गहाण ठेवायचं असेल तर सराफ्यातून पैसा खात्यात येईल आणि पावती राहील असं करा. व्हिसा अधिकारी अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा उगम विचारतात.

२८ दिवसांसाठी खात्यात पैसे ‘टाकून देणारे’ एजंट भेटतील. त्यांच्याकडून काही घेऊ नका. फसवणूक धरली गेली तर इंग्लंडची बंदी दहा वर्षांची असते, आणि ती मुलाच्या नावावर लागते, एजंटच्या नाही.

सातवी पायरी: पैसा पाठवणं

परदेशी फी पाठवायला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. शिक्षणाला ती पुरून उरते. पाठवणाऱ्याचा पॅन, प्रवेशपत्र, फीचं मागणीपत्र आणि ए-२ फॉर्म लागतो. फॉर्मवर कारण शिक्षणाचंच लिहिलं आहे ना, ते सही करण्याआधी वाचा. कारण चुकलं तर कराचा दर बदलतो.

टीसीएस म्हणजे पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. त्याचा नियम असा: एप्रिल २०२५ पासून एका माणसाने आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर काही कापत नाहीत. त्यावरच्या रकमेवर शिक्षणासाठी ठरलेला टक्का कापला जातो. हा टक्का अर्थसंकल्पात बदलू शकतो, पाठवायच्या दिवशी विचारा. बँकेच्या किंवा मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर टीसीएस नाही. कापलेला पैसा बुडत नाही. तुमच्या नावे कापलेल्या कराच्या नोंदीत (२६एएस) दिसतो आणि रिटर्न भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. इथेही रिटर्न भरण्याची सवय उपयोगी पडते.

बँक सांगते तो दर आणि त्या दिवसाचा बाजारातला दर यात फरक असतो. मोठ्या रकमेला शाखेत बोलून दर कमी करून मिळतो. मागितल्याशिवाय मिळत नाही. दोन ठिकाणचे भाव घ्या. मधल्या बँकांचं शुल्क पाठवणारा भरेल असा पर्याय निवडा, नाहीतर पोचताना पंधरा-वीस डॉलर कमी पोचतात आणि विद्यापीठ फी अपुरी आली म्हणून नोंद करतं. काही विद्यापीठं फ्लायवायरसारख्या सेवेतून रुपयांत भरू देतात. तिथे दाखवलेला दर बँकेच्या दराशी ताडून बघा. पैसे गेले की स्विफ्टची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या बँकेच्या संदेशाची, प्रत मागा आणि विद्यार्थी क्रमांकासह विद्यापीठाला पाठवा.

तिकडे गेल्यावर

पार्ट-टाइम कामातून खिशातला खर्च निघतो, फी निघत नाही. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस अशी मर्यादा आहे. अमेरिकेत पहिलं वर्ष फक्त कॅम्पसवर. या कमाईवर दुसऱ्या वर्षाची फी अवलंबून ठेवून कुणीही निघू नये.

कर्जाचा पुढचा भाग आपोआप सुटत नाही. बँक आधीच्या सत्राची गुणपत्रिका आणि पुढच्या फीचं मागणीपत्र मागते, आणि सहकर्जदाराची सही लागते. निघण्याआधी वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवा, बँकेतला मोबाइल क्रमांक भारतातच चालू राहील असा द्या, आणि फीच्या शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी गुणपत्रिका घरी पाठवा, म्हणजे वडिलांना शाखेत एकाच फेरीत काम उरकता येईल.